मानेतली चीर

माझ्या आईनं या देशातल्या झाडून सगळ्या थोर माणसांचे गाल घासले. राजाचे घासले. राजाला फासावर देणाऱ्या सेनापतीचे घासले. सेनापतीला त्याच्याच बागेत गोळ्या घालणाऱ्या थोरल्यांचेही घासले. मधूनमधून कवी, गवई, नाटकवाले असायचे, पण त्यांचे पुतळे लहान, काम लवकर उरकायचं. शाळेत बाई एखाद्या कवीचा धडा शिकवायला लागल्या की मी मध्येच सांगायची, "बाई, याच्या डाव्या कानात माझ्या आईचं बोट जात नाही. काडीला चिंधी गुंडाळून घासावं लागतं." बाई पट्टीनं मारायच्या. देशाच्या इतिहासाशी माझी ओळख अशी हातावरच्या वळांनी झाली. पुढंही तो इतिहास कुणाला तरी मारल्याशिवाय आमच्या दारावरून गेला नाही.

आई मास्तरांच्या कारखान्यात कामाला होती. मास्तर म्हणजे देशातले सगळ्यांत मोठे शिल्पकार. पोस्टाच्या तिकिटावर त्यांचं तोंड, पाठ्यपुस्तकात त्यांचा धडा, आणि परदेशी पाहुणा आला की त्याला आधी मास्तरांकडे न्यायचे. कारखाना म्हणजे पत्र्याचं लांबच लांब छप्पर. एका टोकाला दगड उतरवायचा उतार, मध्ये छिन्नीवाले, दुसऱ्या टोकाला पाण्याच्या टाकीशी आई. छिन्नीचं काम संपलं की पुतळा तिच्याकडे यायचा. आधी जाड घासणीनं घासायचा, मग बारीक, मग त्याहून बारीक, सतत पाणी सोडत, आणि शेवटी पांढरी पूड लावून लोकरीच्या बोळ्यानं. ओरखडा राहिलाय का हे आई डोळ्यांनी बघायची नाही. डोळे मिटून ओला तळवा फिरवायची. तिच्या बोटांवरच्या रेषा कधीच झिजून गेल्या होत्या. ती माझ्या केसांवरून हात फिरवायची तेव्हा केस अडकत नसत.

त्या कारखान्यात एक रिवाज होता. घासकाम चालू असेपर्यंत पुतळ्यावर ओलं पोतं टाकलेलं असायचं. दगड कोरडा पडला की धूळ बसते, आणि तीच धूळ पुढं ओरखडे काढते. ते पोतं उचलायचा हक्क फक्त घासणारीचा. एरवी मास्तर कुणाची भीडभाड ठेवत नसत. एकदा छिन्नीवाल्याच्या पाठीत त्यांनी हातोडी फेकून मारली होती आणि तो महिनाभर वाकून चालला. पण पोत्यापाशी आले की परक्याच्या दारात आल्यासारखे थबकायचे आणि विचारायचे, "झालं का गं?" आई "नाही" म्हणाली की निमूट मागं फिरायचे.

बाबा त्याच कारखान्यात दगड हलवणाऱ्या टोळीचे मुकादम होते. गप्प माणूस. घरी आले की बूट काढून भिंतीशी नीट लावायचे आणि दादाला म्हणायचे, "आज कुणाला उचललं ओळख." दादा राजा म्हणायचा, वाघ म्हणायचा, बाबा मान हलवत राहायचे. शेवटी म्हणायचे, "तुझ्या आत्याला," आणि आई लाटणं उगारायची, कारण आत्या खरंच अवाढव्य होती.

तेव्हा राज्य करणाऱ्या थोरल्यांचा पुतळा मोठ्या चौकात उभारायचा ठरला. तीन माणसांएवढा उंच आणि एकाच पांढऱ्या दगडातला. दगड आला त्या दिवशी बाबांनी मास्तरांना सांगितलं, "दोर झिजलाय. नवा उद्या येतोय. आज उतरवायला नको." मास्तर म्हणाले, "उद्या थोरल्यांचा माणूस दगड बघायला येणार. आज म्हणजे आज." बाबांनी परत सांगितलं. मास्तरांनी सगळ्या टोळीसमोर त्यांच्या थोबाडीत मारली. मग बाबा उताराच्या खाली पाचर लावायला गेले. ते काम दुसऱ्या कुणाला सांगता आलं असतं, पण झिजलेल्या दोराखाली ते दुसऱ्याला उभं करणार नव्हते.

दोर मध्यावर तुटला. दगड लाकडी रुळांवरून सुटला आणि खालच्या भिंतीवर जाऊन आदळला. मध्ये बाबा होते. आई टाकीवरून धावत आली तेव्हा ते शुद्धीत होते. कमरेच्या वर ते होते, खाली फक्त दगड होता. टोळीतले लोक पहारी घालून दगड उचलायला धडपडत होते आणि मास्तर वरून ओरडत होते, "कड सांभाळा! अरे, पहारीनं कड उडेल! कड!"

ते ओरडणं आईनं ऐकलं. बाबांचं डोकं तिच्या मांडीवर होतं, त्यांच्या तोंडातून रक्ताचा बुडबुडा येत होता, आणि तो माणूस दगडाची कड वाचवत होता. कड वाचली. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला मास्तरांनी सांगितलं, मुकादम ऐकत नसे, घाई केली त्यानंच. टोळीतला एक जण खरं सांगायला पुढं झाला. त्याला पोलिसांनी गाडीत घातलं आणि चार दात कमी करून परत पाठवलं. मग सगळ्यांच्या तोंडाला कुलूप बसलं.

आई पुन्हा कामावर गेली. लोकांनी तिला काय काय म्हटलं ते मी लिहीत नाही, लिहिलं तर आजही कुणाच्या तरी घरी जाऊन भांडावंसं वाटेल. दादा तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा होता. त्यानं जेवणाचं ताट भिंतीवर फेकलं. "बाबांना मारलं त्या दगडावर हात कसा फिरवतेस तू?" आई खाली बसून भात गोळा करत राहिली.

तिनं कुणाला न सांगितलेली गोष्ट अशी होती. छिन्नीवाल्यांचं काम संपून थोरल्यांचा पुतळा तिच्याकडे आला. परांचीवर चढून ती मान घासत होती. पाणी ओतलं, पुसलं, दगड सुकला. मानेभोवती केसाएवढी एक रेघ मात्र ओलीच राहिली. सगळा दगड पांढरा झाला तरी ती काळी. घासणाऱ्या माणसाला तिचा अर्थ सांगावा लागत नाही. दगड भिंतीवर आदळला तेव्हा तो आतून तडकला होता, आणि ती चीर नेमकी मानेत आली होती. ती किती खोल आहे हे बघायला आईनं बोटाच्या पेरानं वर आणि खाली ठोकलं. खाली खणखणीत आवाज आला, वर बद्द. चीर आरपार होती.

त्याच वेळी मास्तर पोत्यापाशी आले. "झालं का गं?"

"नाही," आई म्हणाली.

त्या दुपारी तिनं दगडाची पूड राळेत कालवून चीर भरली. बारीक घासणीनं घासली, पूड लावली, लोकरीनं चमकवली. मग पोतं काढलं आणि म्हणाली, "झालं."

पुतळा चौकात उभा राहिला. दर वर्षी थोरल्यांच्या वाढदिवसाला तिथं संचलन व्हायचं आणि पुतळ्याच्या पायाशी, बरोबर हनुवटीखाली, मास्तर उभे राहायचे. तो मान त्यांचा होता. आई मला घेऊन जायची. माझं मनगट धरायची ते हिरवंनिळं होईपर्यंत आणि वर बघत राहायची. मला वाटायचं, बिचारी आपलं काम बघायला येते. ती त्या मानेची वाट बघत होती. थंडीत चिरेतलं पाणी गोठतं, फुगतं, उन्हात सुटतं. प्रत्येक हिवाळ्यात राळ थोडी सुटत असणार, असा तिचा हिशेब होता. आज नाही पडली, पुढच्या वर्षी पडेल. माझ्या आईनं कुणाच्या अंगावर आयुष्यात हात टाकला नव्हता, आणि ती एवढी वर्षं रोज एका माणसाला मनात ठेचत होती.

दादा मोठा झाला, वेल्डर झाला. पुलांवर, टाक्यांवर, धुराड्यांवर चढायचा. आईशी त्याचं बोलणं सुरू झालं होतं, पण त्यात एक खडा असायचाच. "थोरल्यांच्या गालावरून एवढा हात फिरवलास, माझ्या गालावरून फिरवला असतास तर मीही कुठंतरी चौकात उभा असतो." आई म्हणायची, "जेव मुकाट्यानं." मग तो तिच्या ताटातला घास पळवायचा आणि तीही हसायची. ते दोघं हसले की आमची एवढीशी खोली मोठी वाटायची, आणि आता मला सगळ्यांत जास्त तेच आठवतं.

मग गिरणीच्या फाटकाशी संप करणाऱ्यांवर थोरल्यांच्या शिपायांनी गोळ्या घातल्या. प्रेतं उचलू दिली नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच शिपायांना लोकांनी विटांनी ठेचलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक शिपाई पडला होता, अगदी पोरगेला, त्याचे बूट कुणीतरी काढून नेले होते आणि पायात घरी विणलेले मोजे होते. पाववाल्यानं दुकान बंद केलं नाही म्हणून त्याचं दुकान जाळलं. त्यानं बंद केलं असतं तर बंद केलं म्हणून जाळलं असतं. रात्रंदिवस धूर. खिडक्यांना गाद्या लावून आम्ही जमिनीवर झोपायचो.

थोरले पळून गेल्याची बातमी आली त्या सकाळी दादा घरी आला. शर्टावर रक्त होतं, त्याचं नव्हतं. पलंगाखालचा दोर आणि उंचावर चढताना लावायचा पट्टा त्यानं ओढून काढला.

"कुठं चाललास?" आईनं विचारलं.

"थोरल्यांना खाली आणायला. चौकातल्या. खांद्यावर चढून मानेत दोर घालणार आणि पाचशे लोक ओढणार."

आईचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. ती म्हणाली, "तू नको जाऊ."

"का? तुझं काम मोडतंय म्हणून जीव तुटतोय?"

"दुसऱ्या कुणाला चढू दे. तू नको."

"आई, तुला लाज वाटत नाही?" दादा म्हणाला आणि दार आपटून गेला.

तिनं त्याच क्षणी सांगायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं. मी तिला हे अजून माफ केलेलं नाही. एवढी वर्षं मनात धरलेली गोष्ट मुलासमोर काढायची, त्याच्या डोळ्यांसमोर खुनी व्हायचं, हे तिच्यानं झालं नाही. तो जिना उतरला तोवर ती उभीच होती. मग तिनं मला खांद्याला धरून गदागदा हलवलं आणि सगळं सांगून टाकलं, चीर, राळ, मास्तर, सगळं. आम्ही अनवाणी पळत सुटलो.

चौकाकडे जाणारे रस्ते माणसांनी भरले होते. दिव्याच्या खांबांवर दोन शिपाई लटकत होते आणि लोक त्यांच्याखालून ढकलाढकली करत पुढं जात होते. आम्ही पोचलो तेव्हा दादा थोरल्यांच्या खांद्यावर उभा होता. दोर बांधून झाला होता. पट्टा त्यानं पुतळ्याच्या मानेभोवती टाकून स्वतःला अडकवलं होतं, धुराड्यावर अडकवायचा तसं. सवयीचा हात. खालून लोक ओरडत होते आणि तो एक हात हलवत होता.

आई गर्दीत घुसली. "ओढू नका! त्याला आधी उतरू द्या!" कुणाला ऐकू जाणार? ती दोर धरणाऱ्यांपर्यंत पोचली आणि दोराला लोंबकळली. एका माणसानं तिला ओळखलं. "ही त्या मास्तरची घासणारी! थोरल्यांची तोंडं धुणारी!" त्यानं तिच्या पोटात लाथ घातली. ती पडली. दुसऱ्यानं तोंडावर बूट मारला आणि तिचे पुढचे दात गेले. मी त्याच्या हाताला कडकडून चावले, मांस तोंडात आलं तरी सोडलं नाही. मला कुणीतरी केसांना धरून बाजूला फेकलं.

आई गुडघ्यांवर उठली आणि रक्ताच्या तोंडानं किंचाळली, "मान तडकलीय! मला माहितीय, मीच भरलीय! एका हिसक्यात पडेल! माझं पोर आहे वर!"

दोराच्या पुढच्या टोकाला एक आडदांड हमाल होता. तो क्षणभर थांबला. मला वाटलं, कळलं याला. मग त्याच्या तोंडावर हसू पसरलं आणि त्यानं मागं वळून आरोळी ठोकली, "मान तडकलीय रे त्याची! एका हिसक्यात येतेय! ओढा!"

तिच्या शब्दांनी त्यांना जोर चढला. मी हे डोळ्यांनी पाहिलं. मघापर्यंत अर्धे लोक नुसते बघत उभे होते, तेही दोराला लागले. वर दादाला आई दिसली होती. त्यानं कानामागं पंजा धरला, काय म्हणतेस म्हणून विचारल्यासारखं, आणि वाकला. तेवढ्यात दोर ताणला गेला.

डोकं धडावरून सुटलं. आवाज फार मोठा नव्हता. पट्ट्यानं अडकलेला दादा डोक्याबरोबर पुढं आला आणि डोकं त्याच्यावर पडलं. दोराच्या पुढचे काही लोकही त्याच्याखाली गेले. तो हमालही गेला. मागच्या लोकांना ते दिसलंच नाही. त्यांनी जयजयकार केला, टोप्या उडवल्या, एकमेकांना मिठ्या मारल्या. आई रांगत डोक्यापर्यंत पोचली. थोरल्यांचा गाल वर आला होता, गुळगुळीत, आणि त्याच्या खालून दादाचा एक हात बाहेर होता. ती तो हात ओढत राहिली. मी तिला सोडवलं तेव्हा तिच्या नखांत दादाची कातडी होती.

त्याच दुपारी एक जमाव मास्तरांना मारायला कारखान्यावर गेला. मास्तर असल्या वाऱ्याला ओळखून होते. फाटकावर नवं निशाण लावून ते दारातच उभे होते. आलेल्या प्रत्येकाच्या हातात त्यांनी स्वतः हातोडी दिली आणि थोरल्यांचे लहानमोठे पुतळे दाखवून म्हणाले, "फोडा. मला जबरदस्तीनं करायला लावले." लोकांनी पुतळे फोडले आणि मास्तरांना खांद्यावर घेऊन नाचले.

नव्या सरकारनं हुतात्म्यांचं स्मारक करायचं ठरवलं आणि काम कुणाला दिलं ते सांगायला नको. मास्तर आमच्या खोलीवर आले. दादाच्या पलंगावर बसले. कपाळावर आठ्या, आवाज खालचा. म्हणाले, "चेहरा तुमच्या मुलाचा असणार. देशाला तुमचा मुलगा हवाय. त्याचा एखादा फोटो द्या." मी हातातली उकळत्या पाण्याची किटली त्यांच्या मांडीवर ओतणारच होते. आईनं माझा हात धरला. तिनं ट्रंकेतून फोटो काढून दिला आणि दात नसलेल्या तोंडानं म्हणाली, "घासायला मीच येणार."

त्या दिवशी मी तिला नको नको ते बोलले. दादाच्याच तोंडचे शब्द. तिनं भात गोळा केला नाही, कारण ताट मी फेकलं नव्हतं, पण ती बसली तशीच.

दादाचा पुतळा माणसाच्या उंचीचा होता, लोकांना हात लावता यावा म्हणून जमिनीवरच उभा राहायचा. आई रोज जायची, मी पाणी भरायला बरोबर. पहिल्यांदा छिन्नीवाल्यांनी तो टाकीशी आणून ठेवला तेव्हा मी बघितला. मास्तर हलकट असतील, हात हलकट नव्हता. दादा होता तो. हनुवटीवर वेल्डिंगची ठिणगी उडून पडलेला खड्डासुद्धा होता. मी हंबरडा फोडला. आईनं पोतं भिजवलं आणि त्याच्यावर टाकलं.

पोत्याच्या आत हात घालून ती घासायची. मी पाणी सोडायची. घासणीचा आवाज जाड येतो हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण मी आईवर रागावलेली होते, माझं लक्ष पायाशी वाहणाऱ्या पांढऱ्या चिखलाकडे होतं. एवढा चिखल कधी येत नसे. तिच्या बोटांची सालं निघाली, चिखलात लाल मिसळायला लागलं. मास्तर येऊन विचारायचे, "झालं का गं?" ती म्हणायची, "नाही." उद्घाटनाचा दिवस उद्यावर आला तेव्हा मास्तर चौथ्यांदा आले आणि आईनं पोतं ओढून खाली टाकलं.

मानेच्या वर, केसांच्या खाली, काही नव्हतं. नाक नाही, ओठ नाहीत, हनुवटी नाही, तो खड्डा नाही. जाड घासणीनं घासून घासून तिनं सगळं सपाट केलं होतं आणि मग त्या सपाटीला पूड लावून चमकवलं होतं.

मास्तरांनी पुढं होऊन त्या सपाटीवरून हात फिरवला. मग त्यांनी बाजूची लाकडी मोगरी उचलली आणि आईच्या दगडावर टेकलेल्या हातावर मारली. हाडं मोडल्याचा आवाज आला. मी पाण्याची लोखंडी बादली त्यांच्या डोक्यात घातली. कपाळ फुटलं, ते खाली बसले, मी परत बादली उगारली आणि छिन्नीवाल्यांनी मला मागून धरलं.

"देशाचा मुलगा होता तो!" मास्तर रक्त पुसत ओरडले. "देशाचा!"

"माझा होता," आई म्हणाली. मोडलेला हात तिनं पोटाशी धरला होता. "तुमच्या देशाला तो मिळणार नाही. आणि ऐका. थोरल्यांची मान तडकलेली होती, ते मला माहीत होतं. माझ्या नवऱ्याला चिरडताना तो दगड तडकला. मी चीर भरली, झाकली, ती तुमच्यासाठी. दर वर्षी तुम्ही खाली उभे राहायचात, आणि मी म्हणायची, आज पडू दे. पडली ती माझ्या पोरावर."

मास्तर म्हणाले, "म्हणजे तू मारलास त्याला."

"हो. मी. आणि तुम्ही." आई म्हणाली. "मला द्या पोलिसांत."

त्यांनी दिलं नाही. दगड कसा तडकला हे निघालं असतं, मग दोर निघाला असता, मग बाबा. कपाळाला पट्टी बांधून मास्तर दुसऱ्या दिवशी स्मारकाशी उभे राहिले आणि लाखभर लोकांसमोर म्हणाले, "या हुतात्म्याला मी मुद्दाम चेहरा दिलेला नाही. प्रत्येक आईनं इथं आपला मुलगा पाहावा." लोक ढसाढसा रडले. वर्तमानपत्रांनी लिहिलं, देशाच्या कलेच्या इतिहासात असं काही झालं नव्हतं. सरकारनं सगळ्यांत मोठा किताब दिला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी वर्तमानपत्र फाडून चुलीत घातलं.  आईची बोटं वाकडीच जुळली, त्यानंतर तिनं घासणी धरली नाही.

बरेच दिवस ती चौकात गेली नव्हती. एका सकाळी निघाली, मी मागोमाग. तिथं बायकांची रांग होती. एकेक बाई पुढं व्हायची, त्या सपाट जागेवर तळवा ठेवायची, कुणी बोलायची, कुणी नुसती रडायची. आई रांगेत उभी राहिली. पुढच्या बाईनं वळून पाहिलं, तिची वाकडी बोटं पाहिली, तोंड पाहिलं.

"तुमचाही गेला?"

"हो," आई म्हणाली.

"कसा गेला हो?"

"मी मारला."

बाईचे डोळे भरले. तिनं आईला जवळ घेतलं. "असं नाही म्हणायचं, ताई. मलाही तसंच वाटतं. मी त्याला त्या दिवशी अडवलं नाही ना."

"तसं नाही," आई म्हणाली. "मी खरंच मारला. मान तडकलेली होती, मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

"हो, हो," बाई म्हणाली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मागच्या बायकाही पुढं आल्या. "आपल्या सगळ्यांनाच वाटतं तसं," एक म्हणाली. "आईच आहोत ना आपण," दुसरी म्हणाली.

आईनं त्या पहिल्या बाईच्या कानाखाली वाजवली. चांगल्या हातानं, पुऱ्या ताकदीनं. बाईचा गाल लाल झाला. तिनं गालाला हातसुद्धा लावला नाही. तिनं आईला पुन्हा मिठीत घेतलं, आणखी घट्ट, आणि आई तिच्या पाठीवर बुक्के मारत, ओरडत राहिली, "मी मारला, अहो मी मारला त्याला," आणि भोवतीच्या सगळ्या बायका तिला थोपटत राहिल्या. शेवटी मी त्यांच्या हातांतून तिला ओढून काढलं आणि घरी आणलं.